मैदानावरची बारशी

रविवार, ९ फेब्रुवारी. सकाळपासून चेंडू धुते आहे. बास्केटबॉल बादलीत बुडवायचा नसतो, हे दरवर्षी नव्या मुलींना सांगावं लागतं आणि दरवर्षी एखादी तरी बुडवतेच. कोमट पाणी, चिमूटभर साबणाची पावडर, ओलं फडकं, मग कोरडं फडकं आणि सावली. आमच्याकडची लाल धूळ चेंडूच्या दाण्यांत बसली की तो हातात टिकत नाही. आता अंगणात चेंडू रांगेने वाळत आहेत आणि मी पायरीवर बसून हे लिहिते आहे, कारण काल संध्याकाळी टीव्हीवर एक खोटी गोष्ट ऐकली आणि ती दुरुस्त केल्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

महिलांच्या व्यावसायिक लीगचा सामना चालू होता. आमची शीतल हटवार खेळत होती. तिच्या पाठीवर नाव आहे ‘फाटक’. समालोचक म्हणाला, हिचे वडील रेल्वेच्या फाटकावर नोकरीला होते, लहानपणी ही तिथेच खेळायची, म्हणून हे नाव. दुसरा म्हणाला, वा, किती हृदयस्पर्शी.

शीतलचे वडील भिलाईच्या पोलादाच्या प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला होते. रेल्वेशी त्यांचा संबंध वर्षातून एकदा, भंडाऱ्याला गावी जाताना. फाटक हे नाव गुणवंत भोयर यांनी ठेवलं. भिलाईच्या आमच्या मैदानावरून पुढे गेलेल्या मुलींची जी नावं आज जर्सीवर, पेपरात, टीव्हीवर दिसतात, त्यांतली बहुतेक त्यांनीच ठेवली. तो माणूस कोण होता हे समालोचकाला माहीत नाही, हा काही त्याचा गुन्हा नाही. पण मला माहीत आहे.

भोयर काका प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. मिलच्या छताला लागून केबिन, खाली तापलेल्या पोलादाचा खडखडाट आणि वरून हे लोखंड उचलणार, ठेवणार. खालचा माणूस ओरडून सांगतो तेव्हा वर काय पोचतं? काही नाही. म्हणून तिथे हाताच्या खुणा असतात. अंगठा वर म्हणजे उचल, तळवा खाली म्हणजे सोड, मूठ म्हणजे जागीच थांब. आणि जिथे खुणा पुरत नाहीत तिथे नावं. एकाच पाळीत चार रमेश असतील तर ‘रमेश, बाजूला हो’ म्हणून कोण हलणार? चौघंही हलतील, नाहीतर एकही नाही. म्हणून प्रत्येकाला एक छोटं, फटकन सुटणारं नाव. तिथे टोपणनाव ही चैन नव्हती. वेळेवर नाव पोचलं नाही तर माणूस लोखंडाखाली जातो.

तीस वर्षं त्या आवाजात काढून काकांचे कान निम्मे गेले होते. त्यामुळे ते स्वतः कायम मिलमध्ये असल्यासारखे बोलायचे. प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरमधल्या आमच्या मैदानावर ते ड्यूटी संपवून यायचे, पायात प्लांटचे काळे सेफ्टी बूट तसेच, अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. मैदानावर एक जुना माईक होता. आमच्या सरांना सामन्याचं वर्णन करायला माणूस हवा होता आणि काकांना बोलायला जागा हवी होती. सर त्यांना माईक देऊन पस्तावले की नाही हे मला कधी कळलं नाही. परत मात्र कधी मागू शकले नाहीत.

काका विनम्र वगैरे मुळीच नव्हते. खेळाचे नियम त्यांना अर्धे कळायचे आणि उरलेले अर्धे ते मनाचे लावायचे. पंचाने शिट्टी वाजवली की माईकवरून विचारायचे, “आता काय झालं बापा?” पंच चिडायचे. खिशात फुटाणे असायचे, पण ते आपण पुढे असलो तरच बाहेर निघायचे. आपण मागे असताना एखाद्या मुलीने फुटाणे मागितले तर म्हणायचे, “हरून राहिली अन् खाऊन राहिली? लाज नाई वाटत?”

नाव ठेवण्याचं त्यांचं शास्त्र मात्र पक्कं होतं. नाव छोटं हवं. शेवटी तोंड उघडं राहिलं पाहिजे किंवा नाव काठीने ठोकल्यासारखं तुटलं पाहिजे. “नाव चेंडूच्या आधी पोचलं पाहजे,” हे त्यांचं वाक्य आमच्यापैकी प्रत्येकीला झोपेतसुद्धा येतं. पास देणारी ओरडेपर्यंत चेंडू पोचून गेला तर त्या ओरडण्याचा उपयोग काय?

दुसरं, नाव आल्या आल्या मिळायचं नाही. एक पूर्ण हंगाम खेळायचं. काका बघत राहणार. मग एखाद्या सामन्यात मुलगी असं काही करणार की नाव आपोआप तोंडातून निघेल. आणि तिसरं म्हणजे परीक्षा. मैदानाच्या फाटकाशी पाण्याचा एक पत्र्याचा रिकामा ड्रम होता. दोन मुलींनी सळया घेऊन तो बडवायचा. काका दुसऱ्या टोकाला, बोर्डाखाली, पाठ करून उभे राहणार. मधल्या रेषेवरून कोणीतरी नवं नाव ओरडणार. काका वळले तर नाव पास. नाही वळले तर नापास, दुसरं शोधा.

“जे मले ऐकू आलं, ते जगात कोनालेही ऐकू येते,” असं ते म्हणायचे. बहिऱ्या माणसाने कानाची परीक्षा घ्यावी, यावर बाहेरून आलेले लोक हसायचे. आम्हाला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. त्याहून कडक परीक्षक कुठून आणणार?

माझं नाव पाना. आमचं राज्य नुकतंच वेगळं झालं होतं, मी अकरावीत होते. सामना चालू असताना बोर्डाचा एक नट ढिला होऊन रिंग हलायला लागली. पंच माळ्याला शोधायला निघाले. मी पंचांच्या टेबलावर स्टूल ठेवलं, चढले, दुपट्टा गुंडाळून नट आवळला, उतरले आणि माझा राहिलेला फ्री थ्रो मारून घेतला. माईकवरून आवाज आला, “ही पोरगी नोहे, पाना हाय पाना!” संध्याकाळी ड्रम वाजला. काका पहिल्या हाकेत वळले. माझ्या सासरच्या लोकांना हे नाव कळायला बारा वर्षं लागली. आता नवरासुद्धा नळ गळायला लागला की तेच नाव वापरतो.

रेणू कुकर होती. पहिले तीन भाग ती काही करायची नाही. नुसती गरम होत राहायची. चौथ्या भागात शिट्ट्या सुरू. अरुंधती सुई होती, कारण दोन जणींच्या मधून जिथे हात जाणार नाही तिथून तिचा चेंडू जायचा. सुई पुढे रेल्वेच्या संघात गेली, कुकर दोन वर्षं लीग खेळून आता रायपूरला बँकेत आहे. बँकेतही लोक तिला कुकर मॅडम म्हणतात असं ऐकलं.

आणि एक चूक. ती लपवायचं कारण नाही, काका स्वतःच सगळ्यांना सांगायचे. बाहेरगावच्या एका स्पर्धेत समोरच्या संघाने आमची नावं पाठ केली. सुईच्या हातात चेंडू आला की समोरची एक मुलगी मागून ओरडायची, “सुई! इधर!” आणि सुई सरळ तिच्या हातात चेंडू द्यायची. मध्यंतराला काका खाली उतरले आणि त्यांनी आम्हा सगळ्यांची नावं बदलून टाकली. कुकर आता पाना, पाना आता सुई, सुई आता कुकर. “पाहू आता कशा फसवतेत!”

पुढच्या भागात अरुंधती “पाना” म्हणून ओरडली, मी सवयीने पळाले, मग आठवलं की मी सुई आहे, म्हणून थांबले. रेणू मला येऊन धडकली. चेंडू आम्हा दोघींच्या मधून शांतपणे बाहेर गेला. त्यानंतर कोणी कोणाला हाकच मारेना. आम्ही मुक्याने हरलो. समोरच्या मुली हसून हसून बसल्या.

परतीच्या गाडीत काका आमच्या बाकापाशी येऊन उभे राहिले. मग म्हणाले, “माह्यी चूक झाली. नाव म्हंजे मालगाडीचा डबा नोहे, इथून काढला अन् तिथं जोडला. आता नावं तेच राहतीन. तुमी आवाज ओळखाले शिका.” त्यानंतर महिनाभर डोळ्यांना दुपट्टा बांधून सराव. हाक कोणाची आहे हे ओळखायचं, मगच हात पुढे करायचा. परत आम्हाला कोणी तसं फसवलं नाही.

शीतलला मैदानावर मी आणलं. तेव्हा मी शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून लागले होते आणि ती आठवीत होती. भिलाईतल्याच खुर्सीपार वस्तीत राहायची. वर्गातल्या मुलांपेक्षाही हातभर उंच, त्यामुळे पाठीत वाकून चालायची, मान खाली, जणू प्रत्येक दार तिच्यासाठी ठेंगणं आहे. शाळेत तिला खंबा म्हणायचे. घरी आजी म्हणायची, हिला नवरा कुठून आणायचा.

पहिल्या दिवशी ती मैदानात शिरली आणि सरावातली कोणीतरी म्हणाली, “अरे, खंबा आ गया!” सगळ्या हसल्या. काकांना ऐकू आलं नसणार, पण हसणं दिसलं. त्यांनी मला विचारलं, मी सांगितलं. त्यांनी माईक चालू केला.

“कोन बोललं?”

एकीने हातातला चेंडू हळूच खाली ठेवला.

“आइका. या मैदानावर अंगावरून नाव चालत नाई. काळी, गोरी, लंबी, ठेंगनी, जाडी, सुकडी, हे सगळं तिकडे रोडावर टाकून या. अंग देवानं देल्लं, त्यात तुमी काय केलं? नाव कामाचं राहते. काम करा, नाव घ्या.”

त्यांचा एक डोळा तिरका होता. प्लांटमध्ये त्यांना तीस वर्षं चकण्या म्हणत. निवृत्तीच्या दिवशी शाल घालताना पाळीतला एक जण माईकवर तेच बोलला आणि सगळे प्रेमाने हसले, काकाही हसले. हे मला त्यांच्या बायकोने सांगितलं, त्यांनी कधीच नाही.

शीतलने त्या दिवशी घाबरत विचारलं, “तो फिर मेरा नाम क्या है, काका?”

“सद्या शीतल. आईनं ठेवलं ना? चांगलं हाय. तेच चालव.”

वर्षभर ती शीतलच राहिली. खेळायची बरी, पण वाकून. हात डोक्याच्या वर न्यायला लाजायची. सर वैतागायचे, मीही वैतागायचे. काका नुसता अंगठा वर करून दाखवायचे. उचल. तिला खूण माहीत झाली होती, पण अंग ऐकत नव्हतं.

मग आमच्याच राज्यातल्या रायगढच्या मुलींशी सामना झाला. त्यांची एक मुलगी बाणासारखी आत शिरायची आणि सारखी गुण घेऊन जायची. एकदा ती आत शिरली आणि शीतल, बहुधा राग आल्यामुळे, सरळ उभी राहिली. पूर्ण. दोन्ही हात वर. चेंडू तिच्या तळव्याला लागून जिथून आला तिथे गेला. पुन्हा ती आली, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ती मुलगी शीतलच्या पुढ्यात येऊन आपोआप थांबली आणि इकडेतिकडे बघायला लागली.

खुर्सीपारचं रेल्वे फाटक ज्याने पाहिलं आहे त्याला हे थांबणं माहीत आहे. सायकलवाला, ट्रकवाला, साहेबाची गाडी, वरात, सगळे एका आडव्या दांड्यापुढे सारखे.

माईकवर काका उभे राहिले. “फाटक पडलं वो बाई! फाटक पडलं! मालगाडी निघेपर्यंत कोनी हलू नोका!”

सगळं मैदान हसलं, पण या वेळी शीतलही हसली. संध्याकाळी ड्रम बडवला गेला. मीच ओरडले. काका इतके झटकन वळले की त्यांचा चष्मा पडला. हे त्या नावाचं खरं मूळ. समालोचकाने लिहून घ्यावं.

पुढची काही वर्षं सरळ गेली, म्हणून त्यांबद्दल लिहिण्यासारखं थोडं आहे. राज्याचा संघ, राष्ट्रीय शिबिर, आणि मग लीग. एका संघाने शीतलला करारावर घेतलं. खुर्सीपारमध्ये पेढे वाटले गेले. आणि आठवडाभरात तिचा फोन आला.

“मॅडम, इन लोगों ने फिर से खंबा बना दिया.”

झालं असं की संघाच्या प्रसिद्धी विभागाने प्रत्येक खेळाडूला एक चमकदार नाव दिलं होतं. जर्सीवर तेच, पोस्टरवर तेच, मैदानात धुरातून येताना निवेदक तेच ओरडणार. शीतलला मिळालं ‘टॉवर’. करारात लिहिलं होतं की नाव संघ ठरवेल. तिने सांगून बघितलं की माझं नाव आधीच आहे, फाटक. ते म्हणाले, फाटक कोणाला कळणार?

पहिले दोन सामने मी टीव्हीवर पाहिले. पाठीवर टॉवर लिहिलेली मुलगी पाठीत वाकून खेळत होती. आठवीतली शीतल परत आली होती. दुसऱ्या सामन्यात ती बहुतेक वेळ बाकावर होती. तिथे तिच्या जागेसाठी दोघी-तिघी टपून बसल्या होत्या. अजून एक-दोन असे सामने गेले असते तर तिला घरी पाठवलं असतं. फोनवर ती रडली नाही. “मॅडम, आवाज़ ही नहीं आती,” म्हणाली. “टॉवर बोलते हैं तो लगता है किसी और को बोल रहे हैं.”

तिसरा सामना भिलाईत होता. काका तेव्हा सत्तरीच्या पुढे, कान जवळजवळ पूर्ण गेलेले. मी त्यांना सगळं मोठ्याने सांगितलं, अर्ध्या सेक्टरने ऐकलं. त्यांनी बूट चढवले.

“चाल. त्या पोराले भेटू.”

पोरगा म्हणजे प्रसिद्धीवाला आदित्य. दिल्लीचा, पंचविशीचा, वागायला चांगला. सामन्याच्या आदल्या दिवशी तो आमचं जुनं मैदान बघायला आला होता. तो काकांच्या पाया पडला, मग म्हणाला, “अंकल, फाटक में ग्लैमर नहीं है. देखने में कुछ बनता नहीं.”

“काय म्हनून राहिला तो?” काकांनी मला विचारलं.

“म्हणतो, फाटक दिसायला छान नाही.”

“फाटक पाहाले कोन जाते? ते पडते, मग सगळे पाहतेत. सांग त्याले.”

मी सांगितलं. आदित्य हसला. काकांनी ड्रम मागवला. मुलींनी बडवायला सुरुवात केली, काका पाठ करून उभे राहिले. मी “टॉवर” म्हणून घसा फोडला. काका हलले नाहीत. “फाटक” म्हटलं, वळले.

“अंकल चीटिंग कर रहे हैं,” आदित्य म्हणाला. “जान के नहीं मुड़े.”

“मग तू राह्य उभा,” काका म्हणाले. “मी ओरडतो.”

आदित्य खरंच उभा राहिला. काकांनी आधी टॉवर म्हटलं, आणि प्रामाणिकपणे म्हटलं, मी साक्षी आहे. ड्रमच्या दणक्यात ते विरून गेलं. मग फाटक म्हणून जी आरोळी दिली, त्यावर आदित्य वळला, चहावाला वळला आणि चौकीदाराने पळत जाऊन मैदानाचं दार उघडलं.

आदित्यला फार मजा आली. त्याने सगळं मोबाईलवर घेतलं होतं. म्हणाला, याची मस्त रील होईल. नाव? नाही, नाव आता छापून झालं आहे. त्याचे वरचे साहेब ऐकणार नाहीत. परत पाया पडला आणि गेला.

काका स्कूटरच्या मागे बसताना एवढंच म्हणाले, “पोरगं वाईट नाई. पन त्याले कोनी लोखंडाखालून हाक मारली नाई.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉल भरला होता. दिवे, धूर, कानठळ्या बसवणारं संगीत. काका त्यांच्या पाळीतल्या निवृत्त माणसांबरोबर दुसऱ्या रांगेत बसले होते. सगळेच कमी-जास्त बहिरे, त्यामुळे त्या संगीताचा त्रास फक्त मला होत होता. निवेदक ओरडला, “द टॉवर!” आणि शीतल मान खाली घालून धुरातून आली.

पहिला भाग वाईट गेला. संघातल्या मुली केरळच्या, पंजाबच्या, कर्नाटकच्या. त्या मागून “टॉवर, लेफ्ट!” म्हणून ओरडत होत्या आणि शीतल अर्धा श्वास उशिरा वळत होती. तेवढ्या वेळात समोरची मुलगी निघून जायची. दुसऱ्या भागात त्यांच्या प्रशिक्षक थॉमस मॅडमनी तिला बाकावर बसवलं. खांदे पडलेले, टॉवेल डोक्यावर.

माझ्या शेजारची माणसं काकांच्या कानाशी ओरडायला लागली, “भोयर, आवाज दे ना!” काका म्हणाले, “बसलेल्या मानसाले काय आवाज देऊ? खेळू दे तिले.” पण ते उभे राहिले. तिने टॉवेल काढून इकडे बघेपर्यंत उभे राहिले. मागचे लोक ओरडत होते, खाली बसा म्हणून. ते त्यांना ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता.

शीतलने बघितलं. काकांनी हात लांब करून अंगठा वर केला. मिलमध्ये खालून वर दाखवतात तसा, सावकाश, चूक होऊ नये असा. उचल.

ती बाकावर बसल्या बसल्याच सरळ झाली. मी तेवढ्या अंतरावरून पाहिलं. थॉमस मॅडमनीही पाहिलं. मध्यंतरानंतर त्यांनी तिला आत पाठवलं.

आता काकांनी आवाज दिला. “फाटक!” शेजारच्या म्हाताऱ्यांनी उचलला, मग वरच्या रांगांतल्या आमच्या मुलींनी, मग खुर्सीपारहून आलेल्या सगळ्या पोरांनी. निवेदकाचा माईक त्यात बुडाला. समोरची मुलगी आत शिरली, शीतल उभी राहिली, चेंडू परत गेला. हॉलमध्ये जे झालं ते लिहिता येणार नाही. आता ओरडणं एका शब्दाचं राहिलं नव्हतं. “फाटक पडलं! फाटक पडलं!” मराठी न कळणारेही ओरडत होते.

थॉमस मॅडमनी टाइमआउट घेतला. तोवर मी खाली उतरून बाकाच्या मागे जाऊन उभी राहिले होते, त्यामुळे हे माझ्या कानांनी ऐकलं आहे. त्यांनी शीतलला विचारलं, “ये लोग क्या बोलता है?”

“फाटक. मेरा नाम है, मॅम.”

मॅडम इतर मुलींकडे वळल्या. “तो यही बोलो ना. इसको ये सुनाई देता है.” बस. पोस्टर, करार, वरचे साहेब, सगळं त्या एका वाक्यात संपलं. त्यांना ग्लॅमर नको होतं, सामना हवा होता.

त्यानंतर केरळची मुलगी “फाटगा” म्हणत होती आणि पंजाबची “फाट्टक”, पण पोचत होतं. हाक आली की शीतल तिथे असायची. समोरच्या संघाने आत शिरणंच सोडलं, लांबून चेंडू फेकायला लागले आणि चुकायला लागले. शेवटच्या मिनिटाला आम्ही पुढे गेलो. काकांनी खिशातून फुटाणे काढले आणि रांगेत वाटले. सामना संपल्याची शिट्टी वाजायच्या जरा आधी निवेदकाने, धूर न सोडता, साध्या आवाजात म्हटलं, “फाटक!” आणि हॉल कोसळायचा तेवढा राहिला. पुढच्या सामन्याला जर्सी बदलली होती. आदित्यनेच मला फोटो पाठवला.

मी काकांना शेवटचं पाहिलं ते हॉलच्या बाहेर. ते एका मित्राच्या स्कूटरवर मागे बसले होते, सेफ्टी बूट दोन्ही बाजूंना बाहेर, भोवती गर्दी. एक बातमीदार मुलगी त्यांच्या तोंडापुढे माईक धरून विचारत होती, “आप उनके कौन लगते हैं?”

काकांनी माईक हातातून घेतला, नीट पकडला, जुन्या सवयीने दोनदा फुंकर मारली.

“हो,” ते म्हणाले. “जिंकलो.”

मित्राने किक मारली आणि माईक परत देण्याआधीच स्कूटर सुटली. ती मुलगी पळत मागे गेली. वळणावर त्यांनी तो तिच्या हातात दिला, वळून हात हलवला आणि बोरसीच्या रस्त्याने दिसेनासे झाले. पंधरवड्याने मुलाने त्यांना हैदराबादला नेलं. पुढच्या उन्हाळ्यात ते तिथेच वारल्याचा फोन आला.

त्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळेला शाळेत गेले. नववीत पल्लवी नावाची एक मुलगी होती, जिला सगळा वर्ग जाडी म्हणायचा आणि जी खेळाच्या तासाला पोटात दुखतंय असं सांगून वर्गात बसून राहायची. मी वर्गात गेले आणि तिचं दप्तर उचलून फळ्याखाली ठेवलं.

“मॅडम, पेट में…”

“दुखू दे,” मी म्हटलं, “बाहेर ये.” तिला रिंगखाली उभं केलं, चेंडू हातात दिला आणि मैदानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की आजपासून हिला पल्लवी म्हणायचं, दुसरं नाव काय ठेवायचं ते हिचा खेळ बघून वर्षभराने ठरवू.